माईकखाली येऊन बोलायचं

शुक्रवार

पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस. वंदे भारत सुरू झाल्यापासून घाईचे लोक तिकडे वळले, पण सोलापूरचा माणूस गाडीतच भेटायला हवा असेल तर हुतात्माच बरी. दौंडच्या आधीच शेजारच्या सीटवर शेंगाचटणीची पुडी उघडली आणि मला न विचारता माझ्या पोळीवर चमचाभर चटणी आली.

जेऊर अंधारातच गेलं. नागराज मंजुळे इथले. 'सैराट'चं चित्रीकरण बरंचसं याच करमाळा तालुक्यात झालं, आणि त्यातली आर्ची, रिंकू राजगुरू, याच जिल्ह्यातली, अकलूजची. 2016 नंतर या पट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी ऑडिशन घेऊन गेलंय. मी ज्या बाईला भेटायला निघाले होते ती त्याच्या कितीतरी आधीपासून काम करतेय आणि तिची ऑडिशन बहुतेक वेळा कुणी घेतलेलीच नाही. 'त्या अक्कांना बोलवा' एवढंच म्हणतात.

तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. एका छोट्या मराठी फिल्मवर मी कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी जुळतायत ना ते, बघत होते, तेव्हाची ओळख. शनिवारी तिचं नाटक होतं, राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत. मी लिहिणार आहे म्हटल्यावर फोनवर म्हणाली, "लिही की. नाव तेवढं घालू नको. दोन ठिकाणी पैसे अडकलेत, अजून मागायचेत."

दहा वाजून गेल्यावर सोलापूर. स्टेशनबाहेर रिक्षावाले एकमेकांना "काय करलालाय बे" विचारत होते. हॉटेलात जाऊन झोपले.

शनिवार

सोलापूरच्या लोकांना 'पूर्व भाग' म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. तेलुगू पाट्या, दारात रांगोळी, एका घरातून यंत्रमागाची खटखट, पुढच्या घरातून शिलाई मशीनची. पद्मशाली विणकर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चादर आणि टॉवेल यांनी गावाला नाव दिलं, पण अलीकडे अनेक घरं चालतात ती युनिफॉर्मवर. शाळांचे गणवेश शिवून देशभर पाठवायचा धंदा इथे मोठा आहे, आणि अक्का अशाच एका कारखान्यात मशीनवरच्या बायकांवर देखरेख करते.

मी पोचले तेव्हा ती खाकी हाफपँटच्या ढिगाऱ्यामागे बसून संवाद पाठ करत होती. शिवलेला माल मोजत मोजत. मधे मोजणी चुकली की संवादही पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या कामाचं वेळापत्रक या ढिगाऱ्यावर ठरतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून कारखान्यात जानेवारीपासून जोर चढतो आणि मार्च ते जून मान वर करायला सवड नसते. नोव्हेंबर-डिसेंबर सैल. राज्य नाट्य स्पर्धेची फेरी नेमकी याच दिवसांत येते, म्हणून ती दरवर्षी स्पर्धेत दिसते. आणि एप्रिलमध्ये शूटिंग असलेल्या फिल्म तिच्या हातून जातात. उन्हाने करपलेलं माळरान बऱ्याच दिग्दर्शकांना हवं असतं, त्यामुळे अशा फिल्म कमी नाहीत. "त्यांना भेगा पडलेली जमीन पायजे," अक्का म्हणाली. "माझ्या सीझनमध्येच पडतात भेगा."

सुरुवात गणेशोत्सवात, तेलुगू नाटकातून. मग कामगार कल्याण केंद्राच्या स्पर्धा. वडील गिरणीत होते आणि केंद्राच्या नाटकात पडद्यामागचं बघायचे, तिथे एक मुलगी कमी पडली म्हणून हिला उभं केलं. पुढे गिरणी बंद पडली. घर आईच्या विड्यांवर आलं आणि हिच्या 'नाइट'वर.

नाइट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. व्यावसायिक नाटकातले नट हा शब्द वापरतात, पण अक्काची नाइट जत्रेतली. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावजत्रेला नाटक बसवायची चाल होती. पुरुषांची कामं गावातले हौशी करणार, बाई मात्र बाहेरून पैसे देऊन आणायची. गावातल्या लेकी-सुनांनी स्टेजवर चढायचं नाही, पण बाई तर हवी. मंडळी दोन-दोन महिने तालमी करायची आणि तालमीत नायिकेच्या जागी कुणीतरी पोरगा वही घेऊन उभा राहायचा. अक्का प्रयोगाच्या दिवशी दुपारी एस्टीने उतरायची, एकदा सगळं उभं राहून वाचायचं, रात्री दहाला पडदा. सोबत वडील. पिशवीत ठरलेल्या नाटकांच्या वह्या, दोन नऊवारी, एक पंजाबी ड्रेस आणि रडायच्या प्रवेशासाठी पांढरी साडी.

या कामाला अभिनय मानायला शहरातले नाटकवाले तयार नव्हते, अजूनही नसतात. माझं मत उलट आहे. अनोळखी नायकाबरोबर, एका वाचनावर, रात्री दहापासून दीडपर्यंत नाटक ओढून न्यायचं, तो संवाद विसरला तर त्याचाही आपणच म्हणायचा, आणि मधे कुणी पाचची नोट घेऊन स्टेजवर चढला तर कथानकातून बाहेर न येता त्याला खाली उतरवायचं. हे कुठल्याही नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिर. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा, या चौघांच्या स्मृतीचं हे नाट्यगृह. मुंबई-पुण्याची नाटकं दौऱ्यावर आली की इथेच होतात. तेव्हा पार्किंगला जागा नसते. स्पर्धेच्या दिवशी असते.

1954 पासून ही स्पर्धा चालू आहे आणि मराठीतल्या किती नटांना तिने उभं केलं याची यादी कुणीही म्हणून दाखवतो. अतुल कुलकर्णी सोलापुरात वाढले, इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम करून मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. जब्बार पटेलांची शाळा सोलापूरची. बायकांमध्ये? शशिकला. हिंदी सिनेमातली खाष्ट बाई म्हणून सगळ्यांना माहीत असलेली ही नटी 1932 साली सोलापुरात जन्मली, लहानपणी जिल्ह्यातल्या गावागावांत नाचली-गायली. वडिलांचा धंदा बुडाला आणि कुटुंब मुंबईला गेलं. 'आरती' आणि 'गुमराह'साठी फिल्मफेअर, 2007 मध्ये पद्मश्री. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ते सोलापुरातून गेले. राहिलेल्यांची यादी म्हणून दाखवणारा अजून मला भेटलेला नाही.

नाटकाबद्दल फार लिहीत नाही, निकाल लागायचा होता आणि परीक्षक तिघेही दोन रांगा पुढेच बसले होते. संहिता लांबलेली, प्रकाशयोजनेला हौस जास्त. पहिल्या अंकात नेपथ्यातली खिडकी हलत होती. अक्काचं काम एका विधवा बाईचं, जी मुलाच्या लग्नाची बोलणी करते आणि बोलता बोलता स्वतःचं घर विकून बसते. दुसऱ्या अंकात तिच्यापुढे सहीसाठी कागद येतो. तिने पेन घेतलं, टोपण काढलं आणि टोपण कुठे ठेवायचं ते तिला सुचेना. शेवटी तोंडात धरलं. तशीच सही केली. मागे कुणीतरी मोबाईलवर बोलत होतं तो गप्प झाला.

रंगभूषा उतरवताना मी टोपणाबद्दल विचारलं. "आमच्याकडं बायका सुई अशीच धरतात की तोंडात. हात मोकळा पायजे ना." दिग्दर्शकाने ते बसवलेलं नव्हतं. प्रयोगानंतर त्याने सगळ्यांना सांगितलं की पुढच्या वेळी टोपण जरा प्रेक्षकांकडे करून धरायचं. प्राथमिक फेरीत पुढची वेळ येईलच असं नाही, ते कुणी बोललं नाही.

मग पार्कजवळच्या गाड्यांवर भजी, आणि भावजींची, म्हणजे अक्काच्या नवऱ्याची, वाट बघत उभं राहणं. भावजी यंत्रमागावर आहेत, पाळी सुटली की थेट न्यायला येतात. त्यांनी अक्काची नाटकं शेवटच्या दहा मिनिटांतलीच पाहिली आहेत. "शेवट सगळे पाठ आहेत मला," ते म्हणाले, "सुरुवात कशी होते तेवढं विचारायचं राहिलं."

रविवार

मंगळवेढ्याची एस्टी. अक्काला सुट्टी, मला हट्ट, जत्रेतलं एखादं स्टेज बघायचंच.

वाटेत काळी रानं आणि कमरेएवढी ज्वारी. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी खाल्लेल्यांना मी वेगळं काही सांगायला नको, न खाल्लेल्यांना सांगून उपयोग नाही. चोखामेळ्याच्या या गावात दामाजीपंतांच्या देवळात पाच मिनिटं टेकलो. कान्होपात्राही इथलीच, गणिकेची मुलगी. 1931 मध्ये ना. वि. कुलकर्ण्यांच्या 'संत कान्होपात्रा' नाटकात तिचं काम बालगंधर्वांनी केलं. मंगळवेढ्याच्या बाईचं काम करायला तेव्हा पुरुष, आणि पुढे साठ-सत्तर वर्षांनी याच तालुक्यात तेच प्रसंग जोडून कुणीतरी लिहिलेल्या जत्रेच्या नाटकात कान्होपात्रा झाली ती पूर्व भागातली तेलुगू घरातली मुलगी. "अभंग मला म्हणता येत न्हवते," अक्का म्हणाली. "पेटीवाला मागून म्हणायचा, मी ओठ हलवायची. प्लेबॅक ग."

तिथून जीपने एका गावात. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या घरी गेलो त्यांना आता सरपंच व्हायचं आहे. हे गृहस्थ एकेकाळी अक्काचे नायक. आता गुडघे गेलेत, मिशा तशाच. अक्काला पाहताच खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत त्यांनी एक संवाद टाकला, अर्ध्यात अडकले, आणि अक्काने पुढचा तिचा नाही, त्यांचाच संवाद पुरा केला. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. "बाई, तुम्ही कायम असंच केलं," ते म्हणाले. "लोकांना वाटायचं मीच बोललो."

देवळासमोरचा कट्टा दाखवला. हेच स्टेज. वर आडवा बांबू बांधायचे आणि त्याला तीन माईक टांगायचे. आवाज पकडायचा तर त्या तीन जागांपैकी एका जागी उभं राहूनच बोलावं लागायचं. मग चाला, रडा, काय करायचं ते करा, पण वाक्य आलं की माईकखाली. आणि वर बघायचं नाही. बघितलं की खालून शिट्टी.

कट्ट्यावर अक्का सहज त्या तीन जागांवर जाऊन उभी राहिली, खाली न बघता. मला फिल्मचा पहिला दिवस आठवला. कॅमेऱ्याचा फोकस बसावा म्हणून नटाने कुठे थांबायचं त्याची खूण जमिनीवर चिकटपट्टीने करतात. मुंबईहून आलेले, कार्यशाळा केलेले तरुण नट खूण शोधायला डोळे खाली घालत होते आणि टेक वाया जात होते. अक्का पहिल्याच टेकला खुणेवर. कॅमेरामनने मला विचारलं होतं, यांनी याआधी किती फिल्म केल्यात? मी कागद बघून सांगितलं, एकही नाही.

आवाजाचं मात्र उलट झालं. दोन हजार माणसांच्या मैदानावर पोचवलेला आवाज, कॅमेऱ्यासमोर तो खोलीत मावेना. दिग्दर्शक "अक्का, अजून कमी" म्हणत राहिला आणि ती कमी करत करत पुटपुटायला लागली. मग तिने स्वतःच तोडगा काढला. म्हणाली, दुपारी आई झोपलेली असताना बोलायचं तसं बोलते. ते बरोबर बसलं. मी कंटिन्युइटीच्या वहीत लिहून ठेवलं: 'आई झोपलीय'. पुढच्या सगळ्या सीनला दिग्दर्शक तेवढंच सांगायचा.

त्या फिल्मला सिंक साउंड होता, म्हणजे संवाद जागेवरच रेकॉर्ड. आणि शूटिंग यंत्रमागाच्या गल्लीत. दिग्दर्शकाला मागाचा आवाज फार आवडला होता, फक्त संवादाच्या वेळी नको होता. गल्लीतल्या माग मालकांनी ताशी नुकसानीचा हिशेब मांडला. तडजोड अक्कानेच केली, तेलुगूत, एकेकाच्या घरी जाऊन. हे काम श्रेयनामावलीत कुठल्या नावाखाली येतं मला माहीत नाही. आमच्या फिल्ममध्ये ते आलं नाही.

नायकसाहेबांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतताना एस्टीत अक्का 'कोर्ट'बद्दल बोलत होती. चैतन्य ताम्हाणेंची ही फिल्म 2014 सालची, त्यात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी तिला आवडतात. रंगभूमीवरून आलेल्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या, अतुल कुलकर्णींच्या पत्नी, म्हणजे सोलापूरच्या सूनबाई, असा एक हक्कही त्यात आहे. "ती वकील बाई पोराला पाळणाघरातून आणते, घरी येऊन सैपाक करते, तिथं अभिनय कुठाय ते सापडत न्हाई. मी तीनदा बघितलं शोधायला." कोर्टात समोरच्याला अडकवणारी बाई आणि स्वयंपाकघरातली बाई, दोन्हीकडे तिची कामाची गती एकच आहे, असं अक्काचं निरीक्षण. यावर मी काही बोलले नाही. मी ती फिल्म समीक्षा वाचून पाहिली होती, हिने हात बघून पाहिली.

सोमवार

सकाळी कुंभारी. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत, नरसय्या आडम यांच्या पुढाकारातली, 2006 मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं दिली गेली. अक्काच्या आईचं घर इथे. अम्मा दारात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. मान वर न करता "तिन्नावा?" म्हणजे खाल्लं का. उपीट झालं, चहा झाला. अम्मांचे हात थांबले नाहीत. पत्र्याच्या मापाने पान कापलं, तंबाखू पसरली, वळलं, टोक मुडपलं, दोरा. मजुरी हजार विड्यांवर असते आणि त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढलेल्या हिशेबात धरत नाहीत.

आता त्या फिल्मची गोष्ट सांगायला हवी. आमची नाही, त्यानंतरची, तिच्यावरही मी होते. नायिका विडी कामगार. काम करणारी मुलगी मुंबईची, चांगली नटी, मेहनती. महिनाभर आधी येऊन अम्मांपाशी बसली. पण विडी वळणं महिन्यात येत नाही. बोटांचा वेग लहानपणापासून लागतो. मग ठरलं की हातांचे जवळचे शॉट अक्काचे घ्यायचे. अक्काला त्याच फिल्ममध्ये शेजारणीचं छोटं काम होतं, ते राहिलंच. तिच्या मनगटावरचं गोंदण रंगभूषेने झाकलं. नायिकेच्या बांगड्या तिच्या हातात चढवल्या. शॉटमध्ये बांगड्यांचा क्रम जुळतोय ना हे बघायचं काम माझं.

फिल्म महोत्सवांत फिरली. परीक्षणांत विडी वळण्याच्या दृश्यांचं कौतुक झालं, नायिकेने भूमिकेसाठी ती कला कशी आत्मसात केली वगैरे. पुण्याच्या महोत्सवात अक्का आली होती, कारखान्यातून दीड दिवस काढून, जानेवारीत. पडद्यावर स्वतःचे हात एवढे मोठे बघून तिने माझा दंड धरला. शेवटी नावं आली तेव्हा शेजारणीच्या भूमिकेसमोर तिचं नाव होतं. हातांसाठी 'स्थानिक सहकार्य' या मथळ्याखाली गावातल्या चहावाल्यानंतर.

छोट्या फिल्मकडे पैसे नसतात हे खरं. सरकारी अनुदान मिळायचं तर फिल्म पुरी व्हावी लागते, सेन्सॉर व्हावी लागते, मग समितीची प्रतवारी. तोवर निर्माता उसनवारीवर. हे मी जवळून पाहिलंय आणि त्या लोकांबद्दल मला आस्था आहे. पण ज्या बजेटमध्ये कॅमेऱ्याच्या लेन्सचं भाडं दिवसाच्या दिवसाला दिलं जातं, त्याच बजेटमध्ये बोली, हात, गल्लीतली ओळख, नेसण्याची पद्धत हे सगळं एका 'स्थानिक कलाकार' या ओळीत फुकट धरलेलं असतं. वास्तवदर्शी म्हणून फिल्मचं नाव होतं ते बरंचसं याच ओळीवर.

अम्मांसमोर हे बोलले तर त्या म्हणाल्या, तेलुगूत, अक्काने मराठी केलं: "हजारी लाव म्हणावं. हातांची हजारी."

अक्का हसली नाही. फोन काढला. डिसेंबरमध्ये सांगोल्याकडे एका फिल्मचं शूटिंग आहे, तिला आईचं काम. तिशीतल्या पोराची आई, म्हणजे खुद्द अक्कापेक्षा फार तर पंधरा वर्षांनी लहान पोरगा, पण त्याला आता ती सरावलीय. वर निरोप होता की नायकाला जरा बोली शिकवावी लागेल, आठ दिवस आधी या. अक्काने मला टाईप करायला लावलं. भूमिकेचे रोजचे पैसे इतके. बोली शिकवण्याचे दिवस वेगळे, तेवढ्याच दराने. श्रेयनामावलीत 'बोलीभाषा मार्गदर्शन', स्वतंत्र ओळ. शेवटी मी 'कृपया' लिहिलं तर तिने ते पुसायला लावलं.

दुपारी तिला कारखान्यात जायचं होतं. मी सिद्धेश्वरला जाऊन आले, तळ्याकाठी माशांना चुरमुरे टाकणारी पोरं, किल्ल्याच्या तटावर जोडपी, गड्ड्याची जत्रा जानेवारीत म्हणून मैदान मोकळं. नव्या पेठेत दोन टॉवेल घेतले आणि शेंगापोळी.

पुण्यात आल्यावर चार दिवसांनी फिल्मवाल्यांचं उत्तर आलं: दर मान्य, बोलीच्या दिवसांचे अर्धे, श्रेयाचं नंतर बघू. अक्काने कळवलं की अर्ध्या पैशांत अर्धी बोली येईल, नायक आईशी बोलेल, बाकीच्यांशी पुण्याची भाषा चालवून घ्या. यावर निर्मात्याचा स्वतःचा फोन आला आणि पुरे पैसे ठरले. श्रेयाचं तिने लेखी मागितलंय, ते अजून आलेलं नाही. नाट्य स्पर्धेत तिला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, रौप्यपदक दुसरीला. नाटक अंतिम फेरीत गेलं नाही. सांगोल्याला ती सोमवारी निघतेय, भावजी सोडायला जाणार आहेत, आणि या वेळी सुरुवात बघून मगच परतणार असं म्हणालेत.